होक्स्ट डायने वेगळ्या काढलेल्या पेशींना मूलपेशी केव्हा म्हणता येईल?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. आपण उंदराच्या अस्थिमज्जेतील पेशींना होक्स्ट ३३३४२ हा फ्लुरोसंट डाय लावून सॉर्टरवर, म्हणजे पेशींची चमक मोजून त्या वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर, साइड पॉप्युलेशन (डाय बाहेर फेकल्याने फिका दिसणारा पेशींचा छोटा समूह) वेगळी काढत आहात. एका खेपेस ती ०.०३ टक्के दिसते, तर दुसऱ्या खेपेस तीच १.४ टक्के होते. डाय बाहेर फेकणे अडवणारे वेरापामिल हे औषध घातलेल्या ट्यूबमध्ये ती पूर्ण नाहीशी होण्याऐवजी निम्मीअर्धी उरते. मार्गदर्शकांचे म्हणणे आहे की डाय सोडून अँटिबॉडीकडे वळावे, आणि आपल्याला जाणून घ्यायचे आहे की यापेक्षा चांगला डाय कोणता, आणि आज हाती आलेल्या पेशींना प्रबंधात मूलपेशी म्हणावे की नाही.

माझ्या मते यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आपले रंजन, म्हणजे पेशींना डाय लावणे, दर वेळी सारखे होते का, हा पहिला प्रश्न असून त्याचे उत्तर वॉटर बाथ, पेशींची मोजणी आणि बर्फ यांत सापडेल. डाय बाहेर फेकणारी पेशी मूलपेशी असते का, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणताही डाय बदलून मिळणार नाही. डाय आपल्याला एवढेच दाखवतो की रंजनाच्या दीड तासात पेशी काय करत होती. ती पेशी मूळची कोण आहे, हे तिला पुढे काय करता येते त्यावरून ठरते. म्हणून आधी पहिला प्रश्न निकालात काढू, कारण तो सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. उती कोणती, प्राणी कोणता, सॉर्टरमध्ये अतिनील लेसर आहे की फक्त जांभळा, आणि वेगळ्या काढलेल्या पेशींचे पुढे काय करायचे आहे, यांनुसार माझे काही सल्ले बदलतील. खालील विवेचन उंदराच्या अस्थिमज्जेला धरून आहे, कारण आपले काम तिथलेच आहे आणि ही पद्धतही तिथेच प्रथम रुजली. १९९६ मध्ये मार्गारेट गुडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की होक्स्ट लावलेल्या अस्थिमज्जेचा निळा आणि लाल प्रकाश एकाच वेळी मोजला, तर मुख्य समूहाच्या डाव्या बाजूला खाली एक बारीक शेपूट दिसते आणि रक्त नव्याने उभे करण्याची क्षमता त्या शेपटात एकवटलेली असते.

हे शेपूट का दिसते ते नीट समजून घेतले, तर आपल्या आकड्यांतील बहुतेक चढउतारांचा उलगडा आपोआप होतो. होक्स्ट ३३३४२ जिवंत पेशीच्या पटलातून आत जातो आणि डीएनएच्या अरुंद खाचेत, विशेषतः ॲडेनिन आणि थायमिन अधिक असलेल्या भागांत, बसतो. बसल्यावर त्याची चमक कित्येक पटींनी वाढते. त्याच वेळी काही पेशींच्या पटलावरील एबीसी कुळातील वाहक प्रथिने, एटीपी खर्च करून, आत आलेला डाय बाहेर फेकत असतात. उंदराच्या अस्थिमज्जेत हे काम प्रामुख्याने एबीसीजी२ हे प्रथिन करते, असे २००१ मध्ये स्पष्ट झाले. पेशीत डीएनएच्या मानाने डाय कमी असला की प्रकाश निळ्याकडे झुकतो आणि डाय वाढत गेला की तो लालकडे सरकतो. त्यामुळे निळा उभ्या अक्षावर आणि लाल आडव्या अक्षावर घेतला की कमी डाय असलेल्या पेशी मुख्य समूहापासून डावीकडे फुटून वेगळ्या दिसतात.

म्हणजे आपण मोजत असतो ती आत येणे आणि बाहेर जाणे यांच्यातील ओढाताण. नळ चालू ठेवलेल्या गळक्या टाकीतील पाण्याची पातळी जशी नळ आणि गळती या दोहोंवर ठरते, तशीच पेशीतील डायची पातळी ठरते. नळ थोडा जरी कमी सोडला, तरी गळकी आणि बिनगळकी टाकी सारखीच रिकामी दिसू लागते. आपला १.४ टक्क्यांचा आकडा मला नेमका अशाच नळाचा वाटतो. उंदराच्या अस्थिमज्जेत रंजन नीट झाले असेल, तर साइड पॉप्युलेशन एका टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. ती एक टक्क्याच्या वर गेली की मी मूलपेशी वाढल्या असे न मानता रंजन कमी पडले असे समजते आणि तपासाला लागते.

तपासाची सुरुवात डायच्या प्रमाणापासून करावी. रूढ पद्धतीत एका मिलिलिटरमध्ये १० लाख केंद्रकयुक्त पेशी, ५ मायक्रोग्रॅम डाय, ३७ अंश सेल्सिअस आणि ९० मिनिटे असे गणित असते. यातील ‘केंद्रकयुक्त’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. लाल रक्तपेशी धरून मोजणी केली, तर प्रत्यक्षात डीएनए असलेल्या पेशी कमी पडतात, प्रत्येकीच्या वाट्याला जास्त डाय येतो आणि साइड पॉप्युलेशन आक्रसते. उलट मोजणीत चूक होऊन पेशी दुप्पट पडल्या, तर डाय वाटला जातो आणि शेपूट फुगते. फुटलेल्या पेशींतून सुटलेला डीएनएही पुष्कळ डाय गिळतो. अस्थिमज्जा हाडातून काढताना हात जड पडला आणि गुठळ्या झाल्या, तर त्या दिवशीचे रंजन फिके येते ते यामुळेच. अशा वेळी थोडे डीएनएज एन्झाइम वापरून आणि ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून मगच मोजणी करावी.

दुसरी गोष्ट तापमानाची. वाहक प्रथिनांना ३७ अंशच लागतात. हवेच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली ५० मिलिलिटरची ट्यूब आतपर्यंत तापायला बराच वेळ घेते आणि तेवढ्या वेळात डाय आत जात राहतो, पण बाहेर फेकण्याचे काम मंद असते. म्हणून माध्यम आधीच ३७ अंशांवर आणून ठेवावे, ट्यूब वॉटर बाथमध्ये पाण्याची पातळी आतील द्रवाच्या वर राहील अशी उभी करावी, आणि वॉटर बाथच्या पडद्यावरील आकड्यावर न विसंबता पाण्यात थर्मामीटर बुडवून खात्री करावी. दर पंधरा-वीस मिनिटांनी ट्यूब हलकेच उलटीसुलटी करावी, नाहीतर पेशी तळाशी बसतात आणि तळाच्या पेशींना वरच्यांइतका डाय मिळत नाही.

आणि मग ९० मिनिटे संपल्याचा क्षण. सगळ्यांत जास्त प्रयोग इथे हातचे जातात, असे माझे निरीक्षण आहे. वेळ संपताच ट्यूब बर्फात गेली पाहिजे, सेंट्रिफ्यूज आधीच ४ अंशांवर आणलेला पाहिजे, आणि पुढचे सगळे काम, अँटिबॉडी लावणे धरून, बर्फावर झाले पाहिजे. धुतलेल्या पेशींच्या भोवती आता डाय उरलेला नसतो. अशा पेशी जर खोलीच्या तापमानाला रेंगाळल्या, तर ज्यांच्यात वाहक आहेत त्या डाय फेकत राहतात आणि ज्यांच्यात थोडेच वाहक आहेत त्याही हळूहळू शेपटाकडे सरकू लागतात. सॉर्टरच्या रांगेत थांबताना ट्यूब बर्फाबाहेर राहिली, किंवा सॉर्टरच्या नमुना कक्षाचे तापमान ४ अंशांवर ठेवायचे राहून गेले, तर तासाभराच्या सॉर्टिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांचा आणि शेवटच्या दहा मिनिटांचा प्लॉट वेगळा दिसतो. आपल्या नोंदींतील वेळेचा अक्ष काढून हे पाहा. समूह वेळेबरोबर सरकत असेल, तर पाणी कुठे मुरते आहे ते तिथेच कळेल.

डायचा साठा १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात शुद्ध पाण्यात करावा, फॉस्फेट बफरमध्ये करू नये, कारण जास्त सांद्रतेला त्यात डाय साक्याच्या रूपाने बाहेर पडतो. लहान लहान भागांत, अंधारात, गोठवून ठेवावा आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नये. नवी बाटली उघडली की ३ ते ७ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान चार-पाच पातळ्या घेऊन पुन्हा मोजमाप करावे. लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण पुढच्या सहा महिन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील की नाही, हे या एका दिवसावर ठरते.

आता वेरापामिलकडे येऊ. वेरापामिल वाहकांना अडवते, त्यामुळे शेपटातील पेशी मुख्य समूहात परत गेल्या पाहिजेत, हा या कंट्रोलचा अर्थ आहे. ते साधारण ५० मायक्रोमोलर प्रमाणात वापरतात आणि ते डायच्या आधी किंवा डायबरोबरच, पहिल्या मिनिटापासून, असावे लागते. नंतर घातलेले वेरापामिल आधीच्या फेकाफेकीची भरपाई करू शकत नाही. ते ज्या अल्कोहोलमध्ये किंवा डीएमएसओमध्ये विरघळवले असेल, तेवढाच द्रावक वेरापामिल नसलेल्या ट्यूबमध्येही घालावा, म्हणजे फरक औषधाचा की द्रावकाचा ही शंका उरत नाही.

आपल्या ट्यूबमध्ये निम्मे शेपूट उरते याची मला दोन कारणे संभवनीय वाटतात. पहिले म्हणजे गेटमध्ये, म्हणजे हव्या त्या पेशी निवडण्यासाठी प्लॉटवर आखलेल्या चौकटीत, पेशीच नसलेल्या वस्तू आहेत. लाल रक्तपेशी, केंद्रक गमावलेले तुकडे आणि इतर कचरा यांत डीएनए नसल्याने ते प्लॉटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात साचतात आणि वेरापामिलचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. उरलेल्या घटना, म्हणजे यंत्राने टिपलेले कण, फॉरवर्ड स्कॅटरवर (कणाचा आकार सुचवणाऱ्या मापावर) टाकून पाहा. त्या अगदी लहान आकाराच्या असतील, तर हेच कारण आहे. दुसरे कारण म्हणजे १.४ टक्क्यांच्या दिवशी मुळातच रंजन अपुरे होते, त्यामुळे वाहक अडवले तरी आत पुरेसा डाय शिरलाच नाही. या दोहोंतला फरक मुख्य समूहाची जागा पाहून कळतो. दोन्ही दिवसांना व्होल्टेज तेच असेल आणि १.४ टक्क्यांच्या दिवशी जी-शून्य आणि जी-एक अवस्थेतील (विश्रांतीतील आणि डीएनए दुप्पट होण्याआधीच्या पेशींचा) मुख्य समूह खाली डावीकडे सरकलेला असेल, तर तो दिवस सरळ बाद करावा.

गेट नेहमी वेरापामिलच्या ट्यूबवर आखावे. कुठल्याशा शोधनिबंधातील आकृतीत शेपूट जिथे आहे तिथे आपणही चौकट आखायची, ही सवय फार पसरली आहे आणि ती मला मनापासून खटकते. वेरापामिलच्या ट्यूबमध्ये जवळजवळ रिकामी राहणारी जागा हीच आपल्या सॉर्टरवर, आपल्या त्या दिवशीच्या रंजनात, साइड पॉप्युलेशनची जागा आहे. ती दर प्रयोगात पुन्हा ठरवावी लागते. वेरापामिल कॅल्शियमच्या वाटाही अडवते आणि एकाहून अधिक वाहकांवर काम करते. त्यामुळे नेमके एबीसीजी२च जबाबदार आहे असे म्हणायचे असेल, तर को१४३ किंवा फ्युमिट्रेमॉर्जिन सी या एबीसीजी२च्या रोधकांपैकी एकाची वेगळी ट्यूब ठेवावी.

यंत्राबद्दल थोडेसेच. ३५० ते ३५५ नॅनोमीटरचा अतिनील लेसर असेल तर उत्तम. निळा प्रकाश ४५० च्या आसपास आणि लाल ६७५ च्या आसपास गोळा करावा, दोन्ही अक्ष रेषीय ठेवावेत, आणि नमुन्याचा वेग कमी ठेवावा, कारण वेग वाढला की समूह पसरट होतात आणि शेपूट मुख्य समूहात मिसळते. फक्त ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेसर असेल, तर होक्स्ट ३३३४२ त्यावर कमी उद्दीपित होतो आणि शेपूट धूसर दिसते. तिथे डायसायकल व्हायोलेट हा जांभळ्या लेसरवर चालणारा डाय वापरणे बरे, मात्र त्याचे प्रमाण आणि वेळ नव्याने बसवावे लागतात. मृत पेशींसाठी प्रॉपिडियम आयोडाइड, २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, सॉर्टिंगच्या अगदी आधी घालावे. मृत पेशी लाल अक्षावर पार उजवीकडे रेषेसारख्या जाऊन बसतात आणि सहज वगळता येतात.

आपण दर ट्यूबमागे किती घटना नोंदवल्या ते लिहिलेले नाही. समूह ०.०५ टक्क्यांचा असेल आणि आपण ५०,००० घटनाच नोंदवल्या असतील, तर गेटमध्ये अवघ्या २५ पेशी पडतात आणि निव्वळ योगायोगानेच हा आकडा वीस टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. निदान १० लाख घटना नोंदवाव्यात, म्हणजे ५०० पेशी मिळतात आणि यादृच्छिक चूक पाच टक्क्यांच्या आत येते.

इथवरचे थोडक्यात असे की केंद्रकयुक्त पेशी मोजा, ३७ अंशांची खात्री करा, ९० मिनिटांनंतर बर्फ सोडू नका, वेरापामिल पहिल्यापासून घाला, गेट त्याच्यावर आखा आणि पुरेशा घटना नोंदवा. हे झाले की आपला आकडा स्थिरावेल, याबद्दल मला फारशी शंका नाही.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक मोलाचा वाटतो. समजा शेपूट स्थिर झाले आणि वेरापामिलने पूर्ण नाहीसे झाले. या पेशी मूलपेशी आहेत का? उंदराच्या अस्थिमज्जेत त्या बऱ्याच प्रमाणात आहेत असे म्हणायला आधार आहे. पण ते सिद्ध झाले प्रत्यारोपणाने, डायने नव्हे. याचा सगळ्यांत बोलका पुरावा एबीसीजी२ जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात असे आढळले की या उंदरांच्या अस्थिमज्जेत साइड पॉप्युलेशन जवळजवळ दिसतच नाही, तरीही त्यांची रक्तनिर्मिती व्यवस्थित चालते. म्हणजे मूलपेशी जागेवर होत्या, फक्त डाय फेकण्याची खूण पुसली गेली होती. जी खूण पुसली तरी पेशीचे काम अडत नाही, ती खूण ओळख पटवायला उपयोगी असली तरी पेशीची व्याख्या होऊ शकत नाही.

उलट बाजूही पाहावी. एबीसीजी२ हे प्रथिन आतड्याच्या अस्तरात, यकृतात, वारेत आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आपले नेहमीचे संरक्षणाचे काम करत असते. अशा उतींतून काढलेल्या साइड पॉप्युलेशनमध्ये पूर्ण परिपक्व पेशीही आढळल्या, तर नवल नाही. स्नायूंमध्ये तर स्नायूतंतू दुरुस्त करणाऱ्या सॅटेलाइट पेशी बहुतांशी साइड पॉप्युलेशनच्या बाहेर, मुख्य समूहातच सापडतात. म्हणून अस्थिमज्जेतील निष्कर्ष उचलून दुसऱ्या उतीवर सरसकट लावणे योग्य नाही, आणि कर्करोगाच्या गाठींतील पेशीमालिकांवर तर अधिकच जपून लावावा.

याहून एक सूक्ष्म अडचण आहे, जिच्याकडे पुष्कळ जण लक्ष देत नाहीत. होक्स्ट डीएनएला चिकटतो, म्हणून तो विषारी आहे. साइड पॉप्युलेशनमधील पेशींनी तो बाहेर टाकलेला असतो, तर उरलेल्या पेशी तो भरपूर प्रमाणात घेऊन सॉर्टरच्या अतिनील प्रकाशातून जातात. मग संवर्धनात शेपटातल्या पेशींच्या वसाहती जास्त आल्या आणि बाहेरच्यांच्या कमी, तर हा फरक मूलपेशी असण्या-नसण्याचा की विषबाधा होण्या-न होण्याचा? दोन्ही शक्यता समोर असताना पहिलीच गृहीत धरता येत नाही. यावर मी सुचवेन तो उपाय असा की तोच समूह होक्स्ट न लावता, फक्त अँटिबॉडीने वेगळा काढून त्याच चाचणीत घालावा. होक्स्टशिवायही फरक तसाच राहिला, तर तो फरक पेशींचा आहे.

‘अधिक चांगला डाय कोणता’ या प्रश्नाचे उत्तर देताना मी थोडी अडखळते, कारण प्रत्येक डाय पेशीच्या निरनिराळ्या वागणुकीबद्दल बोलतो. ऱ्होडामिन १२३ सूत्रकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) साठतो आणि रक्ताच्या मूलपेशींत कमी दिसतो, पण तोही वाहकांकडून बाहेर टाकला जातो, त्यामुळे कमी चमक म्हणजे सूत्रकणिका मंद की डाय फेकला गेला, हे एकट्या डायवरून सांगता येत नाही. हा केवळ तर्क नाही. मूलपेशींत सूत्रकणिका कमी असतात असा समज अशाच डायवर बराच काळ टिकून होता. २०१७ मध्ये डायवर न विसंबणाऱ्या पद्धतींनी मोजमाप झाले, तेव्हा रक्ताच्या मूलपेशींत सूत्रकणिकांचे वस्तुमान उलट अधिक असल्याचे दिसले. बाहेर फेकला गेलेला डाय मोजणाऱ्यांना ‘कमी सूत्रकणिका’ असा भासला होता. सूत्रकणिकांसाठी कोणताही डाय वापरत असाल, तर वेरापामिलची जोडट्यूब ठेवल्याशिवाय एक ओळही लिहू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना बजावते.

आल्डेफ्लोर पद्धत वेगळ्या तत्त्वावर चालते. तिच्यात अल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे एन्झाइम डायला अशा रूपात बदलते की तो पेशीत अडकून राहतो. इथे तेजस्वी पेशी हव्या असतात, आणि प्रत्येक नमुन्याला डीईएबी हा रोधक घातलेली स्वतःची कंट्रोल ट्यूब लागते. मानवी नाळेच्या रक्तासाठी ही पद्धत चांगली आहे, परंतु यकृतासारख्या उतीत हे एन्झाइम मूलपेशी नसलेल्या पेशींतही मुबलक असते. पायरोनिन वाय आरएनए मोजतो आणि होक्स्टबरोबर लावला की विश्रांतीतील जी-शून्य पेशी वेगळ्या दिसतात. सीएफएसई प्रत्येक विभाजनाला निम्मा होतो, त्यामुळे पेशी किती वेळा विभागली ते सांगतो. प्रश्न ‘या पेशी विश्रांतीत आहेत का’ किंवा ‘किती वेळा विभागल्या’ असा असेल, तेव्हा यांचा उपयोग आहे. आपला प्रश्न तो नाही.

मार्गदर्शकांचा अँटिबॉडीचा आग्रह मला योग्य वाटतो, पण होक्स्ट टाकून देण्यापेक्षा दोन्ही एकत्र वापरावे, असे मी म्हणेन. उंदरात लीनिएज खुणा (परिपक्व रक्तपेशींवरील खुणा) नसलेल्या, स्का-१ आणि सी-किट ही पटलावरील प्रथिने असलेल्या पेशी हा पहिला गाळा. त्यातून पटलावर सीडी१५० ही खूण असलेल्या आणि सीडी४८ नसलेल्या घेतल्या की मूलपेशींचे प्रमाण फार वाढते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात अशा एकेका पेशीच्या प्रत्यारोपणात सुमारे निम्म्या पेशींनी दीर्घकाळ रक्त उभे केले होते. साइड पॉप्युलेशनच्या टोकाकडील, म्हणजे सर्वांत कमी डाय असलेल्या पेशी या खुणांशी बऱ्यापैकी जुळतात. आपल्या शेपटातील बहुसंख्य पेशींवर स्का-१ आणि सी-किट दिसत नसतील, तर शेपूट कितीही देखणे असले तरी त्यात भेसळ आहे, असे समजावे. हा ताळा प्रत्येक प्रयोगात करून पाहण्यासारखा आहे.

इथे तीन व्यावहारिक सूचना. होक्स्ट जांभळ्या लेसरवरही चमकतो, त्यामुळे पॅसिफिक ब्लू किंवा ब्रिलियंट व्हायोलेट मालिकेतील रंग लावू नयेत. फिट्सी, पीई, पीई-साय७ आणि एपीसी या अँटिबॉडीला जोडलेल्या रंगांवर भागवावे. अँटिबॉडी नेहमी होक्स्टनंतर, बर्फावर लावावी, आणि गेट ठरवण्यासाठी एकेक रंग वगळलेल्या ट्यूब ठेवाव्यात. तिसरी सूचना उंदराच्या वाणाबद्दलची आहे. बाल्ब-सी वाणात स्का-१ फार कमी पेशींवर दिसते, त्यामुळे सी५७ब्लॅक६ वाणासाठी लिहिलेली गेट्स तिथे चालत नाहीत. माणसाच्या पेशींत तर चित्रच बदलते. तिथे सीडी३४ असलेल्या आणि सीडी३८ नसलेल्या पेशी शोधतात, उलट प्रौढ उंदराच्या दीर्घकालीन मूलपेशींवर सीडी३४ जवळजवळ नसते. १९९६ मध्येच जपानमधील संशोधकांनी उंदराच्या सीडी३४ जवळजवळ नसलेल्या एकट्या पेशीपासून सुमारे पाचपैकी एका उंदरात रक्त दीर्घकाळ उभे राहिल्याचे दाखवले होते.

शेवटची कसोटी कार्याची. रक्ताच्या बाबतीत ती म्हणजे प्रारणाने अस्थिमज्जा रिकामी केलेल्या उंदरात प्रत्यारोपण. दाता सीडी४५.२ आणि ग्राहक सीडी४५.१ (रक्तपेशींवरील एकाच प्रथिनाची दोन रूपे) असा घेतला की कोणत्या पेशी कोणाच्या ते रक्ताच्या थेंबावर कळते. किमान १६ आठवडे थांबावे, बी, टी आणि मायलॉइड या तिन्ही शाखा दात्याच्या आहेत का ते पाहावे, आणि शक्य असेल तर त्या उंदराची मज्जा दुसऱ्या उंदरात टाकून स्वतःसारख्या पेशी टिकवण्याची क्षमता तपासावी. संख्या हवी असेल तर मर्यादित विरलन करावे, म्हणजे पेशींच्या कमी कमी होत जाणाऱ्या मात्रा वेगवेगळ्या उंदरांत टाकाव्यात. ज्या मात्रेला ३७ टक्के उंदरांत दात्याच्या पेशी दिसत नाहीत, त्या मात्रेत सरासरी एक कार्यक्षम मूलपेशी आहे असे गणित निघते. मिथाइलसेल्युलोजमधील वसाहती ही चांगली, स्वस्त चाचणी आहे, पण ती मुख्यतः पूर्वगामी (मूलपेशींपासून झालेल्या, अजून परिपक्व न झालेल्या) पेशी मोजते, दीर्घकालीन मूलपेशी नव्हे. दोन्हींतली गल्लत शोधनिबंधांतही आढळते.

प्रत्यारोपणाची सोय किंवा प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आपल्याकडे नसेल, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. तेवढ्याने काम निरुपयोगी ठरत नाही, फक्त शब्द जपून वापरावे लागतात. अशा वेळी प्रबंधात ‘वेरापामिल-संवेदनशील होक्स्ट साइड पॉप्युलेशन’ असे लिहावे, आणि खुणा तपासल्या असतील तर ‘मूलपेशींनी समृद्ध समूह’ इथपर्यंत जावे. ‘मूलपेशी’ हा शब्द एकट्याने, विशेषणाविना, प्रत्यारोपणानंतरच यावा. परीक्षक पहिल्यांदा हेच विचारतील आणि त्यांचे ते विचारणे रास्त असेल.

पद्धती या प्रकरणात डायची सांद्रता, पेशींची केंद्रकयुक्त संख्या, तापमान, वेळ, लेसरची तरंगलांबी, दोन्ही फिल्टर, वेरापामिलचे प्रमाण आणि त्याचा द्रावक, नोंदवलेल्या एकूण घटना आणि उंदराचा वाण, एवढे प्रत्येक प्रयोगासाठी लिहावे. वेरापामिलसह आणि वेरापामिलविना असे दोन्ही प्लॉट एकाच मोजपट्टीवर शेजारी छापावेत. पुढच्या खेपेस आकडा पुन्हा वर गेला, तर हे दोन प्लॉट आणि मुख्य समूहाचा वेळेनुसारचा आलेख इथे द्या. गुंता रंजनात आहे की सॉर्टरवर, ते मी त्यावरून सांगू शकेन.